छंद ते व्यवसाय : संगीतकार जेस्पर किड यांची वाटचाल

दिनांक १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. राही अनिल बर्वे यांचे दिग्दर्शन, सोहम शाह यांची मुख्य भूमिका, नारायण धारप यांच्या भयकथांतून मिळालेली प्रेरणा आणि श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देणारे नाव, असा या चित्रपटाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. अखंड कोसळणारा पाऊस, पडका वाडा, पिढ्यान्‌पिढ्या सोन्याच्या मोहात अडकलेले एक कुटुंब हे सर्व वातावरण मराठी मनाला परके वाटत नाही. परंतु त्या पावसाच्या आणि अंधाराच्या मागे ज्यांचे पार्श्वसंगीत सतत जाणवत राहते, ते जेस्पर किड हे संगीतकार मात्र महाराष्ट्रातील नाहीत, भारतातीलही नाहीत. त्यांचा जन्म १९७२ साली डेन्मार्कमध्ये झाला. त्यांची ख्याती चित्रपटांपेक्षा संगणकीय खेळांच्या संगीतामुळे आहे. आणि या सर्वांचा आरंभ झाला तो घरातील एका छोट्या संगणकावर, शालेय वयातील छंदातून.

आपल्या व्यापारी कुटुंबांत आज हा विषय केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. दुकान वाढविले, पेढी नावारूपाला आणली, आणि आता घरातील मुलगा किंवा मुलगी कानाला हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसते. विचारले तर ‘संगीत तयार करीत आहे’ असे उत्तर मिळते. वडिलांना प्रश्न पडतो की, यातून पोट भरेल का? आजोबांना प्रश्न पडतो की, हे आपल्या संस्कारांत बसते का? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. जेस्पर किड यांच्या वाटचालीकडे या दोन्ही प्रश्नांच्या अंगाने पाहिले, तर विचाराला बरीच सामग्री मिळते.

तीन स्वरांचा संगणक

किड यांनी बालवयात पियानोला हात लावला. पुढे त्यांनी गिटारचे धडे घेतले, स्वरलिपी वाचण्यास ते शिकले, समूहगायनातही भाग घेतला. तरीही मुख्यतः ते स्वयंशिक्षित संगीतकार मानले जातात. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांच्या हाती कमोडोर ६४ हा संगणक आला आणि वाटचालीला वेगळे वळण लागले.

१९८२ साली बाजारात आलेल्या या संगणकाची एकूण स्मृती ६४ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवरील एखाद्या छायाचित्रालाही तेवढी जागा पुरत नाही. परंतु त्यात रॉबर्ट यानेस या अभियंत्याने रचलेली ‘सिड’ नावाची ध्वनीची चिप होती. ही चिप एका वेळी केवळ तीन आवाज काढू शकत असे. तीन आवाजांत सुरावट, खर्जाची साथ आणि ताल हे सर्व बसवावयाचे असे. मग संगीतकार युक्त्या शोधीत. स्वरांचा मेळ ऐकवावयाचा असेल, तर त्यातील एकेक स्वर इतक्या वेगाने आलटून पालटून वाजवावयाचा की, कानाला ते सर्व एकत्रच वाजत आहेत असा भास व्हावा. तालाचा ठोका संपताक्षणी तोच आवाज सुरावटीसाठी वापरावयाचा. दोन खोल्यांच्या घरात दहा माणसांचा संसार नेटाने करणाऱ्या गृहिणीची आठवण व्हावी, अशीच ही काटकसर होती.

त्यानंतर किड यांच्याकडे अमिगा हा संगणक आला. त्यातील ध्वनीची चिप एका वेळी चार आवाज देत असे. पण ते आवाज यंत्राने घडविलेले नसून, खऱ्या वाद्यांचे वा अन्य ध्वनींचे मुद्रित केलेले छोटे तुकडे असू शकत. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ ही प्रणाली तयार केली आणि ‘ट्रॅकर’ नावाची एक नवी पद्धत रूढ झाली.

आपल्या वाचकांना ही पद्धत समजावयास मुळीच कठीण नाही, कारण ती दिसावयास थेट रोजकीर्दीसारखी असते. पडद्यावर चार उभे रकाने असतात, चार आवाजांसाठी एकेक. वरून खाली ओळी असतात, सामान्यतः ६४. प्रत्येक ओळीत कोणता स्वर, कोणत्या वाद्याचा तुकडा आणि त्यावर कोणता परिणाम, याची नोंद अंक व अक्षरांत करावयाची. संगणक वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि संगीत वाजते. असे एक पान पूर्ण झाले की दुसरे. शेवटी कोणते पान कोणत्या क्रमाने व किती वेळा वाजवावयाचे याची यादी द्यावयाची. नोंद चुकली तर स्वर चुकतो, आणि चूक कोठे आहे ते ओळ तपासून शोधून काढता येते. कीर्दीत एक आकडा चुकला तर ताळा जमत नाही, तसेच हे आहे. संगीत ही केवळ लहरीची गोष्ट नसून ती शिस्तीचीही आहे, हे या पिढीतील मुलांना या चार रकान्यांनी शिकविले.

चोरीच्या सावलीतून कलेकडे

या छंदाच्या इतिहासातील एक बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९८० च्या दशकात युरोपातील अनेक तरुण संगणकीय खेळांवरील कुलूप तोडून त्यांच्या प्रती विनामूल्य वाटीत असत. खेळ सुरू होण्यापूर्वी आपल्या गटाचे नाव झळकविण्यासाठी ते एक छोटा दृक्‌श्राव्य तुकडा जोडीत. हलणारी अक्षरे, रंगांचे खेळ आणि सोबत संगीत, असे त्याचे स्वरूप असे. मूळ कृत्य सरळसरळ परक्याच्या मालमत्तेचे हरण होते. अचौर्य अणुव्रताच्या दृष्टीने त्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनेही नाही.

परंतु पुढे एक चांगली गोष्ट घडली. त्यातील अनेकांना कुलूप तोडण्यापेक्षा तो तुकडा रचण्यातच अधिक आनंद वाटू लागला. चोरलेल्या खेळापासून ही कला वेगळी झाली आणि ‘डेमो’ या नावाने स्वतंत्रपणे वाढली. एक जण आज्ञावली लिहिणार, दुसरा चित्रे काढणार, तिसरा संगीत देणार, असे गट बनले. मोठ्या सभागृहात तरुण आपापले संगणक घेऊन जमत, मोठ्या पडद्यावर डेमो दाखविले जात आणि उपस्थितांच्या मतांनी क्रमांक ठरत. डेन्मार्कमध्ये १९९१ पासून वर्षअखेरीस असा एक मोठा मेळावा भरू लागला. या परंपरेला पुढे किती मान मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली ‘डेमोसीन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलेचा आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश केला.

किड हे ‘द सायलेंट्स’ या गटाचे संगीतकार होते. ‘क्रायॉनिक्स’ या दुसऱ्या गटाच्या सहकार्याने त्यांनी १९९१ साली ‘हार्डवायर्ड’ हा डेमो सादर केला. अमिगा संगणकावरील अभिजात डेमोंमध्ये आजही त्याची गणना होते. यातून कोणाला वेतन मिळत नव्हते. मिळत होती ती ओळख, समवयस्कांची दाद आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरलेल्या दिवशी काम पूर्ण करून देण्याची सवय. व्यापारात जिला वायद्याची किंमत म्हणतात, ती या मुलांना बाजारात पाऊल ठेवण्यापूर्वीच कळली होती.

छंदाचा व्यवसाय होतो तेव्हा

डेमो करणाऱ्या काही मित्रांनी एकत्र येऊन ‘झायरिंक्स’ नावाची खेळ तयार करणारी कंपनी उभी केली. किड तिचे संगीतकार झाले. सेगा मेगा ड्राइव्ह या खेळयंत्रासाठी त्यांनी ‘सब-टेरेनिया’ हा पहिला खेळ केला. भूगर्भातील खाणीत अडकलेल्या कामगारांना छोट्या यानाने सोडवावयाचे, अशी त्याची कल्पना होती. या यंत्राची ध्वनिरचना अमिगाहून अगदी निराळी होती. तेथे मुद्रित तुकड्यांपेक्षा गणिती पद्धतीने घडविलेल्या ध्वनींवर भर होता. म्हणजे हातात बसलेले हत्यार बाजूला ठेवून नवे शिकणे आले. किड यांनी ते केले, आणि त्या यंत्रातून निघणाऱ्या उत्तम संगीतात त्यांच्या कामाची नोंद झाली.

ही मंडळी पुढे डेन्मार्क सोडून अमेरिकेतील बोस्टन येथे गेली. ‘रेड झोन’, ‘स्कॉर्चर’ असे खेळ त्यांनी तयार केले. याच काळात किड यांनी बॅटमॅनवरील एका खेळालाही संगीत दिले. परंतु त्यांचे खेळ प्रकाशित करणारी ‘स्कॅव्हेंजर’ ही कंपनी बंद पडली आणि पाठोपाठ झायरिंक्सही विखुरली गेली.

कोणत्याही व्यवसायात हा क्षण येतो. एकाच मोठ्या ग्राहकावर अवलंबून असलेला पुरवठादार त्या ग्राहकासोबत बुडतो, हे आपल्या बाजारपेठांनी अनेकदा पाहिले आहे. मित्रांपैकी काही जण कोपनहेगनला परतले. तेथे १९९८ साली ‘आयओ इंटरॅक्टिव्ह’ ही कंपनी स्थापन झाली. किड यांनी मात्र अमेरिकेतच राहण्याचे ठरविले. न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारून ते स्वतंत्रपणे काम करू लागले. नोकरी नाही, ठरलेले वेतन नाही. प्रत्येक काम स्वतः मिळवावयाचे आणि प्रत्येक कामावर पुढचे काम अवलंबून, अशी ती स्थिती होती.

येथे जुने संबंध कामास आले. कोपनहेगनच्या मित्रांनी पहिला खेळ केला, ‘हिटमॅन : कोडनेम ४७’. तो २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे संगीत किड यांच्याकडे सोपविण्यात आले. महासागराच्या दोन तीरांवर असूनही काम थांबले नाही, कारण दहा वर्षांपूर्वी सभागृहात संगणक खांद्याला खांदा लावून मांडलेल्या मित्रांना एकमेकांच्या कामाची खात्री होती. याच वर्षी ‘एमडीके २’ आणि ‘मेसाया’ या इतर कंपन्यांच्या खेळांनाही त्यांनी संगीत दिले. ग्राहक अनेक झाले, हे विशेष. व्यापारी भाषेत सांगावयाचे, तर पत टिकली होती आणि जोखीम विभागली गेली होती.

तीन आवाजांपासून शंभर कंठांपर्यंत

२००२ साली ‘हिटमॅन २’ आला. त्याच्या संगीतासाठी बुडापेस्ट येथील सिंफनी वाद्यवृंद आणि गायकवृंद यांना पाचारण करण्यात आले. शंभराहून अधिक वादक व गायक किड यांची रचना वाजवीत आणि गात होते. ज्याने तीन आवाजांत संसार केला, त्याच्यापुढे आता शंभर कंठ उभे होते. पुढील वर्षी ‘फ्रीडम फायटर्स’ या खेळासाठी हंगेरियन रेडिओच्या गायकवृंदाचा उपयोग करून त्यांनी समूहगायन आणि संगणकीय ध्वनी यांचा मेळ घातला.

यापुढची घटना अधिक बोलकी आहे. २००४ सालच्या ‘हिटमॅन : कॉन्ट्रॅक्ट्स’ या खेळात त्यांनी भव्य वाद्यवृंदाचा मार्ग पुन्हा चोखाळला नाही. त्या संगीतात संगणकीय ध्वनीचाच वरचष्मा होता. आणि याच कामासाठी २००५ साली त्यांना ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा सर्वोत्तम मूळ संगीताचा पुरस्कार मिळाला. मोठा खर्च केला म्हणजे मोठे काम होते, असे नाही. कामाला काय हवे ते ओळखणे महत्त्वाचे.

२००७ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड’ प्रसिद्ध झाला. क्रुसेडच्या काळातील पश्चिम आशिया ही त्याची भूमी. २००९ सालच्या दुसऱ्या भागात कथा पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स व व्हेनिस येथे गेली. या भागातील ‘एझिओज फॅमिली’ ही किड यांची रचना इतकी लोकप्रिय झाली की, या मालिकेतील पुढील खेळांतून तिची निरनिराळी रूपे ऐकू येत राहिली आणि ती मालिकेची ओळखच बनली. या रचनेच्या मुळाशी एका कुटुंबाची ताटातूट आहे. तिच्यातील करुणा भाषेवाचून कळते. याच कंपनीने २००८ साली पुण्यातही आपला स्टुडिओ सुरू केला, ही बाब महाराष्ट्रातील पालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. हा उद्योग आता केवळ परदेशातील राहिलेला नाही.

खेळाचे संगीत चित्रपटाच्या संगीताहून कसे वेगळे, हेही समजून घेतले पाहिजे. चित्रपट दोन तासांचा असेल तर तो सर्वांसाठी दोन तासांचाच असतो. कोणत्या क्षणी दार उघडणार, हे संगीतकाराला सेकंदाच्या हिशेबाने ठाऊक असते. खेळात मात्र एक खेळाडू दार अर्ध्या मिनिटात उघडेल, दुसरा अर्धा तास त्याच खोलीत फिरत राहील. म्हणून संगीत लहान लहान खंडांत रचावे लागते. ते पुनःपुन्हा वाजले तरी कंटाळा येता कामा नये, आणि धोका जवळ आला की त्यावर तालाचा किंवा स्वरांचा आणखी एक थर अलगद चढला पाहिजे. पाने रचून त्यांचा क्रम लावण्याची जी सवय ट्रॅकरच्या चार रकान्यांनी लावली होती, तिचेच हे विस्तारलेले रूप म्हणता येईल. लहानपणी केलेले काही वाया जात नाही, ते असे.

पिठाचा कोंबडा

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. ज्या खेळांच्या संगीताने किड यांना कीर्ती मिळाली, त्यांतील अनेक खेळांचा विषय हत्या हाच आहे. ‘हिटमॅन’चा नायक भाडोत्री मारेकरी आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ या नावातच मारेकरी आहेत. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या घराने याकडे कसे पाहावे?

‘पडद्यावर कोणीही खरोखर मरत नाही’ हे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. परंतु जैन परंपरा या उत्तरावर थांबत नाही. राजा यशोधराची कथा अनेकांनी प्रवचनांतून ऐकलेली असेल. आचार्य सोमदेवांनी संस्कृतात आणि महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंशात ती विस्ताराने सांगितली आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा, असा आग्रह राजमाता चंद्रमतीने धरला. राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला. पण आईच्या शब्दाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. एकही प्राणी मेला नाही. तरीही संकल्प हिंसेचा होता म्हणून माता व पुत्र दोघांनाही कित्येक जन्म तिर्यंच गतीत दुःख भोगावे लागले. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील भेद याहून स्पष्ट करणारी कथा सापडणे कठीण.

पडद्यावरील मनुष्य हा आजचा पिठाचा कोंबडाच आहे. म्हणून ‘हा केवळ खेळ आहे’ असे म्हणून विषय टाळता येत नाही. खेळताना मनात कोणते भाव उमटतात, किती वेळ उमटतात आणि खेळ बंद केल्यावर ते शमतात की नाही, याकडे लक्ष देणे हे पालकांचे काम आहे. युरोपात ‘पेगी’ आणि अमेरिकेत ‘ईएसआरबी’ या संस्था प्रत्येक खेळासाठी योग्य वयोगट ठरवितात आणि तो वेष्टनावर छापलेला असतो. ‘हिटमॅन’सारखे खेळ प्रौढांसाठीच आहेत. घरात खेळ येण्यापूर्वी ते चिन्ह पाहण्यास क्षणभरही लागत नाही.

परंतु यावरून खेळांसाठी संगीत रचणे हेच त्याज्य ठरत नाही. हिंसेवाचूनही उत्तम खेळ होतात आणि त्यांचा सन्मानही होतो. २०१२ साली आलेल्या ‘जर्नी’ या खेळात कोणाचीही हत्या करावयाची नसते. वाळवंटातून दूरच्या पर्वतशिखराकडे चालत जाणारा एक यात्रेकरू, आणि वाटेत भेटणारा अनोळखी सहप्रवासी, एवढाच त्याचा विषय. ऑस्टिन विंटरी यांनी त्याला दिलेले संगीत हे ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळविणारे पहिले खेळसंगीत ठरले. जो तरुण या क्षेत्रात जाऊ इच्छितो, त्याला कोणते काम स्वीकारावे आणि कोणते नाकारावे याची मर्यादा स्वतः आखता येते. आपल्या अनेक पूर्वजांनी व्यापारातही अशीच मर्यादा आखून, काही मालांचा व्यापार वर्ज्य मानला. पंधरा कर्मादानांची यादी ज्या समाजाने मनात बाळगली, त्याला हा विचार नवा नाही.

आणि संगीताबद्दल म्हणावयाचे, तर ते आपल्या परंपरेला कधीच परके नव्हते. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या पुत्रांना निरनिराळी शास्त्रे शिकविल्याचे वर्णन आहे आणि त्यांत संगीतशास्त्रही आहे. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे त्यांनीच सांगितली. वाणिज्य हे त्यांपैकी एक आहे, एकमेव नव्हे. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ तर एका जैन विद्वानाने संगीतशास्त्राला दिलेली देणगीच होय.

वडिलांचा प्रश्न : पोट भरेल का?

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावयाचे तर काही अटींसह द्यावे लागेल. खेळांच्या संगीताचा मोबदला बहुधा ठोक रकमेने दिला जातो आणि रचनेचे हक्क कंपनीकडे जातात. खेळाच्या लाखो प्रती खपल्या म्हणून संगीतकाराला दर प्रतीमागे काही मिळेलच, असे नाही. म्हणून करार वाचता येणे हे स्वर ओळखता येण्याइतकेच आवश्यक आहे. चित्रपटातील गीत-संगीताबाबत भारतात २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्ती कायद्याने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा, आणि तो सोडून देता येणार नाही असा, अधिकार दिला. तरुणांना हे ठाऊक असावयास हवे. परदेशातील कंपनीसाठी येथे बसून केलेले काम ही सेवेची निर्यात ठरू शकते. त्याचे बीजक, बँकेतील परकीय चलनाची नोंद, वस्तू व सेवा कराचे नियम आणि आयकर विवरणपत्र हे सर्व पहिल्या कामापासूनच नीट ठेवावे. व्यापारी घरातील मुलाला येथे मोठा लाभ आहे. संगीत त्याने शिकावे, हिशेब त्याला घरात शिकावयास मिळतो.

किड यांच्या चरित्रातून वेळेचा अंदाजही घेता येतो. हाती कमोडोर आल्यापासून बाफ्टा पुरस्कारापर्यंत सुमारे वीस वर्षे गेली. मधल्या काळात एक कंपनी उभी राहिली आणि मोडली. देश बदलला, यंत्रे बदलली. वीस वर्षांच्या मुदतीची ठेव मधेच मोडली तर व्याज बुडते. म्हणून ज्याला या मार्गाने जावयाचे आहे त्याने पदवीचे शिक्षण सोडू नये, आरंभीची काही वर्षे दुसऱ्या उत्पन्नाची जोड ठेवावी, आणि कुटुंबाने त्याला ‘दोन वर्षांत करून दाखव’ असा वायदा घालू नये. त्याचबरोबर, पूर्ण केलेल्या कामांची यादी दर वर्षी वाढते आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार वडिलांना जरूर आहे. केवळ ऐकणे व खेळणे हा छंद, आणि रचना पूर्ण करून दुसऱ्याच्या हाती देणे ही साधना. दोहोंतील फरक वर्षभरात कळून येतो.

तुंबाडचा शेवट

जेथून आरंभ केला त्या ‘तुंबाड’कडे शेवटी पुन्हा वळावेसे वाटते. व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ २०१८ साली या चित्रपटाने झाला. त्याची निर्मिती अनेक वर्षे रखडली होती, तरीही करणारे मागे हटले नाहीत.

चित्रपटातील विनायक हस्तरला भुलविण्यासाठी पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो आणि तो खाण्यात गुंतला की सोन्याच्या मुद्रा पळवितो. येथेही पीठच आहे, आणि येथेही संकल्पच माणसाला बुडवितो. एका बाहुलीने भागत होते तेव्हा विनायक जिवंत परत येत होता. अधिक बाहुल्या नेल्या, अधिक मिळावे म्हणून, आणि तेथेच सर्वनाश ओढवला. परिग्रहाला परिमाण नसेल तर काय होते, हे सांगण्यासाठी याहून वेगळ्या प्रवचनाची गरज नाही. अखेरीस मरणप्राय अवस्थेतील बाप आपली सारी कमाई मुलापुढे धरतो, आणि तो कोवळ्या वयाचा मुलगा ती नाकारतो.

ते दृश्य पाहताना व्यापारी घरातील प्रत्येक पित्याच्या मनात काही तरी हलल्यावाचून राहत नाही. वारसा म्हणून आपण काय देत आहोत आणि मुलाला त्यातले काय हवे आहे, हा प्रश्न तुंबाडच्या वाड्यापुरता नाही. दुकान, पेढी, नाव हे सर्व द्यावे. पण त्यासोबत सचोटी, मर्यादा आणि वायदा पाळण्याची सवयही द्यावी. मुलगा पेढीवर बसला तरी ती कामास येईल, आणि कानाला हेडफोन लावून स्वर जुळवीत बसला तरीही येईल. पुढच्या वेळी खोलीचे दार उघडून ‘अजून किती वेळ?’ असे विचारण्याऐवजी, ‘काय केलेस ते जरा ऐकव’ असे म्हणून दहा मिनिटे शेजारी बसावे. मुलाच्या हाती छंद आहे की साधना, हे त्या दहा मिनिटांत पुष्कळसे उमगेल.